शाल नको, भिंतीवर एक रेघ द्या

प्रति,
कोल्हापुरातल्या पेठापेठांतल्या तालमी आणि तरुण मंडळांचे अध्यक्ष, कारभारी, वस्ताद आणि कट्ट्यावर बसणारी समस्त पोरं यांस,

सस्नेह नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकीच एका मंडळाची चार पोरं घरी आली. चपला दाराबाहेर काढून, अगदी शिस्तीत. म्हणाली, "काका, पाच जूनला पर्यावरण दिनाचा कार्यक्रम घेतलाय. तुमचा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ, फेटा. तुमचा परिचय तेवढा चार ओळींत द्या, फ्लेक्सवर टाकतो." एकानं मोबाइलवर फ्लेक्सचा नमुना दाखवला. मधोमध माझ्या फोटोसाठी सोडलेला गोल, खाली ठळक अक्षरात 'ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञ', मागं हिरवंगार रान आणि त्या रानात, खोटं सांगत नाही, एक पेंग्विन उभा. मी म्हटलं, "हा कुठला?" तर म्हणाला, "डिझाइनमध्येच होता काका. काढायला लावतो."

पोरं गुणी. चहा घेऊन गेली. रात्री मी चार ओळी लिहायला बसलो आणि बारा वाजले तरी एक ओळ धड होईना. मी कोण, हे मला चार ओळींत सांगता येईना. आणि जे सांगायचं होतं ते फ्लेक्सवर शोभणारं नव्हतं. म्हणून हे पत्र. त्या एका मंडळाला नाही, सगळ्यांनाच, कारण माझं मागणंही सगळ्यांकडेच आहे.

आधी ते तज्ज्ञाचं मिटवून टाकू. मी टर्नर. अडतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली, शेवटची दहा तपासणी खात्यात. वडीलही तिथलेच, कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांचा डंका देशभर वाजत होता त्या काळातले. त्यांच्या तोंडी मिलिमीटर कधी आला नाही. त्यांचं सगळं सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. 'दोन सूत जास्त आहे', 'अर्धं सूत मार'. मी मायक्रोमीटरवर आलो, पण खोड तीच. समोर कुठलीही वस्तू आली की हात पहिल्यांदा मापाकडं जातो. बायको म्हणते, भाकरीसुद्धा व्हर्नियर लावून खातील. माझं पर्यावरणाचं शिक्षण म्हणाल तर एवढंच, की जे बोलायचं ते मोजून बोलायचं.

घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो ते त्याच घाटावर. तहान लागली की ओंजळ भरून तिथंच प्यायचो, आणि तसं पिणारा मी काही एकटा नव्हतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि कुणालाच न दिसणारी सरस्वती अशा पाच जणी प्रयाग चिखलीला एक होतात आणि त्यांची पंचगंगा होते, हे आजीनं सांगितलेलं. शाळेत नंतर शिकवलं.

त्या वेळी पुराचं पाणी फुटात सांगायची पद्धत पेठेत नव्हती. पात्रातली देवळं बुडाली का? पाणी जामदार क्लबपाशी आलं का? गायकवाड वाड्याला लागलं का? शिवाजी पुलाची मच्छिंद्री झाली का? एवढ्या चार प्रश्नांवर आख्ख्या पेठेला कळायचं, की आता कुणाची भांडी माळ्यावर चढवायची आणि कुणाची म्हैस सोडायची. पोरासोरांनासुद्धा ती खूण पाठ. हेही मोजमापच, फक्त पट्टी दगडांची. तुमच्यातल्या किती जणांना आज मच्छिंद्री म्हणजे काय ते ठाऊक आहे? रील काढताना नाव घेता, पण नेमकं कुठं पाणी लागलं की ती होते, ते एखाद्या म्हाताऱ्याला पुलावर नेऊन विचारा. मुद्दाम सांगत नाही. त्या निमित्तानं तरी म्हाताऱ्याला कुणी फिरायला नेईल.

वही सुरू केली २००५ च्या पुरात. कारखान्यात जाता येत नव्हतं, हात रिकामे. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रेडिओवर सांगत. मी ती लिहायचो आणि शेजारी आमच्या बोळात पाणी कुठं आहे ते लिहायचो. 'सकाळी ७. बंधारा अमुक. बोळात गटाराच्या झाकणाबरोबर.' 'दुपारी २. बंधारा तमुक. देवळाची पहिली पायरी ओली.' बस्स. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे तुम्हाला पाठ आहेत. पावसाळ्यात कोल्हापुरात मटणाच्या भावाखालोखाल तेच विचारले जातात. पण ते आकडे बंधाऱ्याचे. तुमच्या बोळाचा आकडा कुठला?

इथं जरा थांबतो, कारण खरी गोष्ट इथं आहे.

आपल्या बऱ्याच पेठांत आणि पुऱ्यांत पूर नदीकडून चालत येत नाही. तो गटारातून उलटा वर येतो. नदी फुगली की नाल्याचं तोंड बंद होतं. जयंती नाला, दुधाळी नाला, सगळ्यांची तीच गत. वरचं पावसाचं पाणी नाल्यात उतरत राहतं, पुढं जायला वाट नाही, मग ते मागं फुगतं. म्हणून नदीपासून लांब बसलेला माणूस 'आमच्याकडं कुठलं पाणी' म्हणत निवांत असतो आणि पहाटे मोरीतून बुडबुडे येतात. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांना विचारा. सुतारवाड्यातल्या लोकांना तर विचारायचीही गरज नाही. दर पावसाळ्यात बिचारे सगळ्यात आधी गाठोडी बांधतात.

आता हे बघा. गगनबावड्याकडं आणि राधानगरीच्या वरच्या अंगाला पाऊस कोसळतो, तेव्हा इथं कधीकधी नुसती भुरभुर असते. राधानगरीचं धरण भरलं की सात स्वयंचलित दरवाज्यांतला एकेक आपोआप उघडतो, दर दरवाज्यातून १४२८ क्यूसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. बातमी लगेच फोनवर येते. पाणी मात्र लगेच येत नाही. ते भोगावतीतून वळणं घेत, शेतातनं पसरत, इथवर यायला वेळ घेतं. बंधाऱ्यावर चढलं की नाल्यात फुगवटा यायला आणखी वेळ. आणि तुमच्या बोळात यायला आणखी. हे मधले तास म्हणजे घरातली म्हातारी, पोरांची पुस्तकं, दुकानातला माल आणि फ्रिज वर चढवायचा वेळ. हे तास किती, हे कुठलंही कार्यालय बोळाबोळानिशी सांगू शकणार नाही. सांगू शकेल ती फक्त त्या बोळात ठेवलेली वही. 'बंधाऱ्यावर इतके झाले की आपल्या कोपऱ्यावर इतक्या तासांनी', असं एक वाक्य प्रत्येक बोळाचं असायला पाहिजे.

आकड्यांवरून आठवलं. २०१९ ची सर्वोच्च पातळी कुणी ५५ फूट ७ इंच लिहितं, कुणी ५५.७ फूट. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. एक नाही. फुटाचे दशांश सात म्हणजे ८.४ इंच, सव्वा इंचाहून जास्त फरक. आमच्या खात्यात एवढ्या फरकानं आख्खा लॉट परत गेला असता. तुम्ही म्हणाल, एवढं पाणी घरात आल्यावर सव्वा इंचाचं काय घेऊन बसलात? ज्याचा माल शेवटच्या फळीवर होता त्याला विचारा.

२०१९ च्या ऑगस्टात पहिल्या आठवड्यात पाणी चढलं, हायवे शिरोलीपाशी बंद पडला, पाणीउपसा केंद्रंच बुडाली म्हणून भर पुरात नळ कोरडे. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच कमरेएवढ्या पाण्यात उभे होता. मी आमच्या बोळातल्या देवळाच्या भिंतीवरची चिखलाची रेघ बघून ठेवली. पाणी उतरलं की भिंतीवर एक तांबूस पट्टा राहतो, वरची कड अगदी सुतात आखल्यासारखी सरळ. म्हटलं, जरा घर आवरू, मग छिन्नीनं खूण करू. दोन सप्टेंबरला गणपती. त्याच्या आधी मंडळानं मोठ्या हौसेनं भिंत घासली, रंगवली, फिकट गुलाबी. रेघ गेली. चूक मंडळाची नाही. सणाला भिंती रंगवायच्या नाहीत तर कधी? चूक माझी. पण तेव्हापासून मला एक गोष्ट कळली. आपल्याकडं पूर येतो जुलै-ऑगस्टात आणि लगोलग येतात गणपती. म्हणजे पुराची खूण पुसायचा मुहूर्त आपल्या पंचांगातच लिहिलेला आहे.

२०२१ ला जुलैअखेर पुन्हा आलं, आणि बंधाऱ्यावर २०१९ पेक्षाही वर गेलं. या खेपेला पाणी उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मी निघालो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शेजारचा आठवीतला पोरगा. नळीत एक हवेचा बुडबुडा अडकला होता, तो निघेपर्यंत बोटानं टिचक्या मारत बसलो, कारण बुडबुडा राहिला की दोन्ही टोकं खोटं बोलतात. पोरगा कंटाळला. मग नळीतलं पाणी थांबलं, त्याच्या बाजूला चिखलाची कड आणि माझ्या बाजूला देवळाचा दगडी खांब. तिथं छिन्नीनं बोटभर रेघ मारली. खाली साल. पोरगं म्हणालं, "आजोबा, झालं? एवढंच?" एवढंच. त्यानंतर तीनदा देऊळ रंगलं; रेघ आहे. दगडात आहे म्हणून.

रेघेनं काय होतं, विचाराल. एक सांगतो. आमच्या मागच्या गल्लीत गडहिंग्लजकडचा एक पोरगा भाड्यानं राहायला आला होता, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला. तळमजल्याची खोली, भाडं कमी. मालकानं सांगितलं, इथं पाणी कधी येत नाही. भिंत नवीकोरी रंगवलेली. २०२१ ला त्याची पेटी बुडाली, तीत दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं. आठ दिवस ती कागदं आमच्या गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत होती. शाई उतरलेली, शिक्का तेवढा दिसायचा. त्या गल्लीच्या तोंडाशी छातीएवढ्या उंचीवर एक रेघ आणि '२०१९' एवढं लिहिलेलं असतं, तर मालकाला खोटं बोलायला जीभ वळली नसती.

सरकारी रेघा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी पूररेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्या नकाशावर आहेत, आणि नकाशा कपाटात. २०१९ नंतर पुराची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवालही आला. ते सगळं असू दे, त्यावर भांडणारी माणसं शहरात आहेत. मी म्हणतोय ती रेघ घरभाडं ठरवायला आलेल्या पोराच्या डोळ्यांसमोर येणारी.

परिचय राहिलाच. पुराशिवाय आणखी कशात रस, असं त्या पोरांनी विचारलं होतं. थोडक्यात सांगतो.

माझी धाकटी बहीण इचलकरंजीत दिलेली. २०१२ ला तिथं कावीळ पसरली. माणसं गेली. भाचा तीन आठवडे अंथरुणाला खिळून होता, डोळे हळदीसारखे. वाचला. बहीण रडली नाही, ओरडली नाही, फक्त फोनवर एकदा म्हणाली, "दादा, तुम्ही वर, आम्ही खाली." मला ते फार लागलं, कारण मला आमच्या पेठेचं गटार कुठं जातं ते माहीत होतं. तोवर पंचगंगा म्हणजे माझ्या लेखी घाट, पोहणं आणि पूर. नदीला खालचं अंग असतं आणि तिथं आपलीच माणसं पाणी भरतात, हे तोवर डोक्यात शिरलं नव्हतं.

पुढं एका ओळखीच्या रसायनशास्त्राच्या सरांना घेऊन नदीवर गेलो. त्यांनी काचेच्या बाटल्या आणल्या होत्या. बाटली पाण्यात बुडवून तिथंच बूच लावायचं, आत बुडबुडा राहता कामा नये. (पुन्हा बुडबुडा! माझ्या पत्रिकेत तो असावा.) मग दोन रसायनांचे थेंब सोडायचे आणि बाटली उलटीपालटी करायची. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर तपकिरी गाळ बसतो, जितका जास्त तितका गडद. नसेल तर गाळ पांढराच राहतो. वरच्या अंगाच्या बाटलीत पिठल्याच्या खरपुडीसारखा तपकिरी आला. नाला मिळतो तिथल्या बाटलीत पांढरा. सरांनी ती बाटली उजेडाला धरली आणि काही बोलले नाहीत. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागं निदान पाच मिलिग्रॅम प्राणवायू असावा, हे मानक मी नंतर वाचलं. पांढऱ्या गाळाला मानक लागत नाही. मासे मरतात ते असे, आणि मेलेले दिसतात ते बहुधा सकाळी, कारण रात्रभर पाण्यातली हिरवळ प्राणवायू बनवत नाही, घेते मात्र सगळेच.

कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, म्हणजे दिवसाला सात कोटी साठ लाख लिटरची क्षमता. दुधाळीला १७ एमएलडीचं. केंद्रं चांगली की वाईट, यावर कट्ट्यावर तावातावानं बोलणारे खूप. पण केंद्र तिथवर पोचलेलं पाणीच साफ करणार. तुमच्या घराचं पाणी ड्रेनेजच्या नळाला जोडलंय की उघड्या गटाराला, हे तुमच्यातल्या किती जणांनी वाकून बघितलंय? मी स्वतः पन्नाशीला आल्यावर बघितलं. गटारालाच होतं.

आणि एक कबुली, नाहीतर हे सगळं ढोंग होईल. मी काम करायचो तिथं ओतकामाचा विभागही होता. त्यातली जळकी काळी वाळू ट्रॅक्टरनं बाहेर जायची. कुठं जाते, आम्हाला ठाऊक होतं: एका ओढ्याच्या काठाला. वर्षानुवर्षं. मी तपासणीतला माणूस. जॉबमध्ये, म्हणजे घडवलेल्या भागात, शंभरावा हिस्सा मिलिमीटर इकडंतिकडं झाला तर लाल खडू मारायचो, आणि त्या ट्रॅक्टरकडं बघून पान लावायचो. निवृत्त झाल्यावर तो ओढा बघायला गेलो. ओढा अरुंद झालाय, काठ काळा. त्यावर घाणेरी माजलीय.

तळ्यांचंही तसंच. कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. कपिलतीर्थ मंडईत भाजी घेता तिथं कपिलतीर्थ. आणि ज्या शाहू स्टेडियमवर तुमची फुटबॉलची खुन्नस चालते, तिथं रावणेश्वराचं तळं होतं. ती बुजवली तेव्हा साथीच्या रोगांची कारणं होती, जागेची होती. त्या काळच्या माणसांना मी आज शिव्या घालत नाही. पण गांधी मैदानात पावसाळ्यात तळं साठलं की आपण बोंब मारतो, ती कशासाठी? ते तळंच आहे. आपण दहा महिने त्यावर क्रिकेट खेळतो. रंकाळा राहिला, कोटीतीर्थ राहिलं, कळंबा राहिला. रंकाळ्यावरचं केंदाळ काढायला तुम्ही उतरलेला मी बघितलंय. तेव्हा खरंच बरं वाटलं होतं, जरी काढलेलं केंदाळ चार दिवस काठावरच कुजत पडलं होतं.

आता तुमच्याबद्दल.

तुम्हाला काय जमत नाही? टोलविरोधी आंदोलनात आख्खं शहर रस्त्यावर आलं, त्यात तालमी आणि मंडळं पुढं होती; २०१५ च्या डिसेंबरात टोल गेला. मीही मोर्चात होतो, चप्पल तुटली. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनसाठी पिढ्यांनी घसे कोरडे केले, २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं. होळीला 'होळी लहान करा, शेणी दान करा' म्हटल्यावर ट्रॉल्या भरून पंचगंगा स्मशानभूमीत चितेसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, पोचवणारे तुम्हीच. तिथं कुणाही मेल्या माणसाला शेणीचे पैसे पडत नाहीत, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगताना माझी छाती फुगते. विसर्जनाचंही तेच. मूर्तिदानाच्या वेळी सुरुवातीला शिव्या, मग चेष्टा. आता मोठमोठ्या मूर्ती नदीऐवजी इराणी खणीकडं जातात आणि कुणाला त्यात विशेष वाटत नाही. (डॉल्बीवर बोलायचं ठरवलं होतं. नको. सगळंच एका पत्रात मागितलं तर काहीच मिळत नाही.)

पूर आला की तर तुम्ही एक नंबर. २०१९ ला एका तालमीच्या हौद्यात पाणी शिरलं. हळद, ताक, तेल घालून पिढ्यांनी मळलेली ती तांबडी माती, तिची राड झाली. आणि त्या तालमीचे पैलवान तिकडं लक्षही न देता माणसं खांद्यावर घेऊन येत होते. तो हौदा नंतर नव्या मातीनं भरला. शाहू महाराजांनी तालमींना आसरा दिला आणि राधानगरीच्या धरणाचा पायाही घातला, एकाच माणसानं. त्यांना दोन्ही कामं वेगळी वाटली नसणार.

पण पूर उतरला की तुम्ही कुठं असता? हा टोमणा नाही. तुमच्यात दम आहे तो धावण्याचा, भिडण्याचा. रोज सकाळी सातला उठून एक आकडा लिहायचा, हे काम कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो येत नाही. आणि थेट पाइपलाइन आल्यापासून मला एक भीती आहे, ती मोकळेपणानं बोलतो. पंचगंगा आपल्या तोंडाला लागत होती तोवर तिच्या घाणीची चीड यायची. आता पाणी काळम्मावाडीचं. नदीत सोडायचं मात्र आपण थांबलेलो नाही. ओंजळ गेली, गटार राहिलं.

म्हणून माझं मागणं. शाल ठेवा. त्या पैशात दोन वस्तू येतात: छिन्नी आणि वही.

प्रत्येक तालमीच्या, मंडळाच्या भिंतीवर, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशा जागी, फुटांची पट्टी आखा. २००५, २०१९, २०२१ च्या रेघा मारा. माझ्यासारख्या कुणाकडं खूण असेल, कुणाच्या लग्नाच्या कपाटावर डाग असेल, कुणाच्या फोटोत मीटरबॉक्सपर्यंत पाणी दिसत असेल. तीन घरांची साक्ष जुळली की रेघ मारायची, नाहीतर थांबायचं. आणि शून्य रस्त्यावर धरू नका. रस्त्यावर दोन वर्षांनी डांबराचा थर चढतो, तुमचा शून्यच वर सरकत जाईल. जुन्या देवळाची दगडी पायरी धरा. ती हलत नाही.

वही शंभर पानी पुरे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रोज सकाळी एक ओळ: तारीख, बंधाऱ्याची पातळी फूट आणि इंचात, बोळात पाणी कुठं. पाणी नसेल तेव्हा 'कोरडं' लिहा. तेही लिहायचं. कोरड्या दिवसांशिवाय ओला दिवस कळत नाही, हे मला तपासणी खात्यात शिकवलं होतं: नापास जॉब ओळखायचा तर आधी पास झालेले शंभर बघ. लिहिणारा कुस्ती हरलेला असो, कॅरमवर बसणारा असो, चालेल. मात्र खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं. आणि पाऊस संपला की वही कारभाऱ्याच्या घरी जाऊ द्यायची नाही. ढालीशेजारी ठेवायची.

मी माहिती अधिकारात एकदा अर्ज टाकला होता, एका कार्यालयात, आमच्या भागात कुठल्या साली पाणी कुठवर आलं म्हणून. दहा रुपयांचं तिकीट. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, 'सदर माहिती संकलित नाही.' मी चिडलो नाही. खरंच नसणार. कोण ठेवणार होतं? त्या साहेबांची बदली तीन वर्षांनी होते, आणि आपण इथंच मरतो.

परवा वळीव चांगला झाला. मृगाला अजून तीन आठवडे आहेत, म्हणजे तीन रविवार. ज्या मंडळाला रेघ मारायची आहे त्यांनी निरोप द्यावा, सकाळी सातला मी येतो. नळी माझी, बुडबुडे काढायची जबाबदारी माझी. दुसरं टोक धरायला एक न कंटाळणारं पोरगं तुमचं.

आणि त्या चार पोरांना सांगायचं म्हणजे, फ्लेक्स छापून झाला असेल तर फुकट घालवू नका. मागची बाजू कोरी असते. तिच्यावर फूट आणि इंच आखून भिंतीला लावून बघू, पट्टी कुठून सुरू करायची ते ठरेल. पेंग्विन आतल्या बाजूला राहील.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक निवृत्त टर्नर